रोजची शाई

श्रोतेहो, नमस्कार.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असं ते कापड, आणि त्यावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहून काढलेला. याच दासोपंतांचा ‘गीतार्णव’ हा गीतेवरचा टीकाग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. एका माणसाच्या हातून एवढं काम झालं कसं? परंपरेनं सांगतात, की ते रोज एका ढब्बू पैशाची शाई आणत आणि ती संपेपर्यंत लिहीत.

मला या गोष्टीतलं माप फार आवडतं. आजची ओवी उतरली कशी, कुणाला आवडेल का, यातलं काहीच त्या मापात येत नाही. शाई संपली का, एवढंच बघायचं. आपण मात्र आधी धीर येऊ द्या, मग लिहू, मग चित्र काढू, असं म्हणत बसतो. धीर असा वाट पाहून येत नाही, श्रोतेहो. हात रोज चालू लागला की तो मागून येतो.

आपल्या मराठवाड्यात लिहिणारी माणसं कमी नाहीत. ट्रंकेत, फडताळात, लेकरांच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर कितीतरी कविता पडून आहेत. त्या बाहेर का येत नाहीत? ‘हिला काही कामधंदा नाही का,’ असं कुणीतरी म्हणेल म्हणून. बाईला हे जास्त ऐकावं लागतं, हे मी स्पष्टच सांगतो. दुसरी भीती बोलीची. आपलं बोलणं गावाकडचं, ते छापण्याजोगं नाही, असं भल्याभल्यांना वाटतं. पैठणच्या एकनाथांची भारुडं आठवा. वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावात फिरणारी माणसं त्यांनी भारुडात बोलती केली, आणि तीही चार लोकांपुढं सादर करण्यासाठी. ज्या मातीत हे घडलं, तिथल्या माणसानं आपल्या बोलीपायी वही मिटून ठेवावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

काहींना वाटतं, पूर्ण निर्दोष झाल्याशिवाय दाखवायचं नाही. अजिंठ्याला गेलात तर २४ क्रमांकाचं लेणं जरूर बघा. ते अर्धवटच राहिलं. पण डोंगर फोडून खोली कशी काढत, खांब ओबडधोबड कसे सोडत आणि मग कसे घडवत, हे अशाच लेण्यात कळतं. पूर्ण झालेल्या लेण्यात छिन्नीचे हे पहिले घाव दिसत नाहीत. शिकणाऱ्याला तुमचं अर्धं काम पुष्कळ देऊन जातं.

मग दाखवायचं कुणाला? सुरुवातीला एकाच माणसाला. बहीण असेल, शाळेतल्या बाई असतील, भजनी मंडळातला पेटीवाला असेल. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्यावर ‘छान’ म्हणून लोक मोकळे होतात. ‘ऐकताना कुठं कंटाळा आला?’ असं विचारा. याचं उत्तर खरं मिळतं आणि ते उपयोगी पडतं. कुणी तुमच्या ओळीबद्दल बोललं तर वहीत टिपून ठेवा. तुमच्या जातीबद्दल, शिक्षणाबद्दल, संसाराबद्दल बोललं तर ते तुमच्या कामाबद्दल नाही, ते तिथंच सोडून द्या.

आणि वार ठरवा. माझं सांगणं असं, की गावचा आठवडी बाजार असेल तो वार धरा. बाजार कुणासाठी थांबत नाही, आणि आसपासच्या गावची माणसं त्या दिवशी तशीही येतातच. दुपारी गर्दी ओसरली की दोघा-तिघांनी शाळेच्या ओट्यावर नाहीतर देवळाच्या पारावर बसावं, प्रत्येकानं त्या आठवड्यात केलेलं काहीतरी वाचावं, गावं किंवा दाखवावं. चारच ओळी झाल्या असतील तर चार ओळी. काहीच झालं नसेल तरी यावं आणि दुसऱ्याचं ऐकावं. सोयाबीनच्या काढणीत, लग्नसराईत एखादा आठवडा बुडेल. बुडू द्या, पुढच्या बाजारी पुन्हा बसा.

तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? त्या दिवशी कुणाला बोलवायचं, ते आजच ठरवा आणि त्या माणसाला तसं सांगून या.

नमस्कार.