सिंगल कॉलममधले सोलापूर

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

सोलापूरच्या एका दैनिकात मी तीस वर्षे उपसंपादक होतो आणि त्यातली बहुतेक वर्षे शहराचे पान लावण्यात गेली. इथे परदेशी मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलो आहे. इथे ज्या ज्या घरी चहाला गेलो, तिथे कोणी ना कोणी मोबाईल पुढे करून विचारले, ‘काका, हे खरे आहे का?’ बहुतेक वेळा ते खरेच होते. मात्र बातमी खरी असूनही विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ जात नसे. त्याचे कारण शोधता शोधता मी स्वतःपाशीच येऊन पोहोचलो, आणि आज बोलायचे आहे ते त्याविषयीच.

पहिला प्रश्न सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या उजनी धरणाचा होता. ‘धरण उणे साठ टक्के म्हणजे काय? रिकाम्यापेक्षा कमी कसे असेल?’ हा प्रश्न एका अभियंत्याने विचारला आणि तो अगदी रास्त आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. त्यातले 63 टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळाच्या साठ्यात, मोडते आणि वर उरलेल्या साधारण साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्याची टक्केवारी आपण रोज छापतो. पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली उतरले की हीच टक्केवारी उणे होते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठच्या जवळ गेली, म्हणजे त्या रेषेखालून सुमारे 32 टीएमसी पाणी निघून गेले होते आणि तळाशी अजून 31 टीएमसीच्या आसपास शिल्लक होते. ऑगस्टमध्ये तेच धरण भरले. सोलापुरात पावसाने महिनाभर ओढ दिली तरी उजनी भरू शकते, कारण तिचे पाणी पुण्याकडच्या धरणांतून आणि भीमेच्या खोऱ्यातून येते. म्हणून आमचा वाचक आपल्या आभाळाकडे पाहण्याआधी ‘दौंडचा विसर्ग किती’, म्हणजे दौंडपाशी नदीतून उजनीकडे किती पाणी येते आहे, हे वाचतो. दौंडचा आकडा आम्ही पावसाळाभर चौकटीत देत असू. ती चौकट एखाद्या दिवशी जाहिरातीखाली गेली, तर कार्यालयातला दूरध्वनी दुपारपर्यंत थांबत नसे.

धरण भरले म्हणजे नळाला पाणी आले, असेही समजू नये. शहरासाठीचे बरेचसे पाणी वर्षानुवर्षे भीमेच्या पात्रातून सोडले गेले. ते औज बंधाऱ्यात अडवायचे आणि टाकळीहून उपसून शहरात आणायचे. इतक्या लांबच्या प्रवासात किती पाणी वाटेत मुरते, किती उन्हाने जाते आणि किती काठावरचे पंप ओढतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. ‘समांतर जलवाहिनी’, म्हणजे उजनीतून थेट शहरात पाणी आणणारी दुसरी वाहिनी, हे शब्द सोलापूरच्या पानावर इतकी वर्षे पुनःपुन्हा छापले गेले, ते याच कारणाने. चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरातले वेळापत्रक शाळेच्या घंटेवर चालत नाही, ते चावीवाल्यावर चालते. लग्नाची तारीख ठरवतानाही ‘त्या दिवशी आपल्या भागाची पाळी आहे का’ हे विचारणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांत आमच्या घरची माणसेही होती.

दुसरी बातमी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत दहा पोती, म्हणजे 512 किलो कांदा आणला. भाव किलोला एक रुपया मिळाला आणि खर्च वजा जाता हाती 2 रुपये 49 पैसे उरले. त्यातल्या दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचे छायाचित्र देशभर फिरले आणि इथेही पोहोचले. अनेकांना चीड आली, काहींना हसू आले, आणि दोन्ही प्रतिक्रिया मी समजू शकतो.

तथापि त्या धनादेशाबरोबर आणखी एक कागद असतो, त्याला आमच्याकडे ‘पट्टी’ म्हणतात. माल विकला गेला की अडत्या, म्हणजे तो विकून देणारा दलाल, शेतकऱ्याला पट्टी देतो. तिच्यात वजन आणि भाव लिहिलेला असतो, आणि त्याखाली हमाली, तोलाई, मोटारभाडे अशी वजावट असते. ती वजावट पोत्यांवर, वजनावर आणि अंतरावर ठरते. कांद्याचा भाव वीस रुपये असो की एक रुपया, हमालाने पोते तेवढेच उचललेले असते आणि गाडीने डिझेल तेवढेच जाळलेले असते. म्हणून भाव कोसळतो तेव्हा पट्टीतला खालचा आकडा वरच्या आकड्याला गिळून टाकतो. ‘मग त्याने कांदा परत का नेला नाही?’ असे एका ताईंनी इथे विचारले. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत महिनोन्महिने ठेवता येतो, पण हिवाळ्यात निघणारा लाल कांदा तसा टिकत नाही. तो शेतातून निघाला की बाजाराची वाट धरतो, आणि सगळ्यांचाच एकाच वेळी धरतो. सोलापूरच्या बाजार समितीत त्या दिवसांत कांद्याच्या गाड्यांची रांग आवाराबाहेर येते. परत नेण्याचे भाडे पुन्हा खिशातून द्यायचे आणि घरी नेऊन कांदा सडताना पाहायचा, यापेक्षा त्या शेतकऱ्याने दोन रुपयांचा कागद घेतला. त्याच वर्षी 8 डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती 4 मे 2024 ला उठली. दिल्लीतल्या त्या निर्णयाची बातमी पहिल्या पानावर होती, पण ज्याच्या शेतात कांदा होता तो आधी बाजारभावाचा कोपरा उघडत होता.

आता माझी कबुली. ‘उणे’ म्हणजे काय, ‘पट्टी’ म्हणजे काय, लाल कांदा का टिकत नाही, हे सगळे बातमीदार आपल्या मजकुरात बहुधा लिहून आणत असे, आणि ते मी कापत असे. ‘हे सोलापूरकराला सांगायचे का?’ असे म्हणून मी तांबड्या शाईने रेघ ओढत असे. सिंगल कॉलमच्या, म्हणजे एकाच स्तंभात बसणाऱ्या, बातमीत दहा-बारा ओळींपलीकडे जागा नसते आणि आमचा वाचक शहरातच होता, त्यामुळे तो निर्णय तेव्हा बरोबरच होता. वाचक शहर सोडून निघाला, मुले घेऊन परदेशी स्थायिक झाला, आणि आमची बातमी मोबाईलवरून त्याच्या मागोमाग गेली, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. तुमच्या हाती पोहोचते ती त्या रेघेतून बचावलेली बातमी.

सणाच्या बातमीचे दुःख वेगळे आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक विवाह, तुम्ही थेट पाहता, त्याचा मला आनंद वाटतो. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर, हे सगळे कॅमेऱ्यात सुरेख दिसते. परंतु कॅमेरा सम्मती कट्ट्याभोवतीच थांबतो. कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी विवाह करायचा होता, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. या लग्नातली सम्मती, म्हणजे मंगलाष्टकांसारखी वचने, त्या कट्ट्यावर वाचली जाते तेव्हा आसपास उभ्या असलेल्या गर्दीत मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच वेळी कानावर पडते. यात्रेचा पहिला विधीच ‘यण्णीमज्जन’ या कन्नड नावाने ओळखला जातो आणि मराठी घरातली आजीही तो तसाच म्हणते. या विधीत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी नंदीध्वज निघतात तो दिवस अनेक वर्षी 12 जानेवारीचा असतो. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, त्या प्रकरणातले हे चौघे. अशा वर्षी सकाळी हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात आणि त्याच दिवशी नंदीध्वजही रस्त्यावर येतात. आमच्या पानावर या दोन बातम्या शेजारी असत. तुमच्या मोबाईलवर त्यांतली एकच येते.

पुराविषयी थोडक्यातच सांगतो. 2025 च्या सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीला पूर आला आणि माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांत गावेच्या गावे पाण्यात गेली. त्या रात्री माझ्या भाच्याने परदेशातून घाबरून दूरध्वनी केला, कारण त्याच्याकडे आलेल्या चित्रफितीत आमच्या पेठेसारखा एक रस्ता पाण्याखाली दिसत होता. ती चित्रफीत दुसऱ्याच कुठल्या तरी गावची होती. मी गच्चीवर जाऊन मोबाईलने आमचा कोरडा रस्ता दाखवला, तेव्हा तो झोपला.

शेवटी निधनवार्तेविषयी. पान लावताना सर्वांत शेवटी ती येते आणि जागाही सर्वांत कमी तिलाच मिळते. तिचा साचा ठरलेला असतो: ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ घरचे लोक कागदावर लिहून आणत, ‘धाकटा मुलगा परदेशी असतो.’ तो शब्द मी नेहमी कापला, कारण परिवार लिहिला की त्यात तो आलाच, असे मला वाटे. एकदाच तो राहून गेला. पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंची ती वार्ता होती, आणि ‘मुलगा परदेशातून आल्यानंतर अंत्यविधी होईल’ एवढी ओळ त्यात छापली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कार्यालयात दूरध्वनी येऊ लागले. कोणी मराठीत विचारत होते, कोणी तेलुगूत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता: पोराची गाडी पुण्याहून निघाली का?