अनामिका किती लांब?

डिसेंबरातली पहाट. नागपुरातल्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या ट्रॅकवर अजून धुकं आहे. तेरा वर्षांची एक मुलगी उजवा तळहात उघडून उभी, आणि तिचे सर व्हर्नियर कॅलिपरने बोटं मोजताहेत. बोटाच्या मुळाशी, तळहाताला लागून जी घडी असते, तिथून बोटाच्या टोकापर्यंत. नख धरायचं नाही. तर्जनी ६६ मिलिमीटर, अनामिका ६९. भागाकार ०.९५७.

कठड्याला टेकलेले वडील विचारतात, "म्हणजे सर, पोट्टीत दम आहे म्हणता?"

हा प्रश्न आला कुठून? गर्भात बाळाची बोटं घडत असताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा प्रभाव जास्त असला, तर अनामिका तर्जनीपेक्षा लांब होते, असं मानलं जातं. २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात या संप्रेरकाचं काम रोखलं, तेव्हा चौथ्या बोटाची, म्हणजे अनामिकेच्या जागच्या बोटाची, वाढ खुंटली. त्याआधी, २००१ मध्ये, संशोधक जॉन मॅनिंग यांनी इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचे हात मोजले होते. त्यांचं तर्जनी-अनामिका गुणोत्तर सर्वसाधारण पुरुषांपेक्षा कमी भरलं, म्हणजे तर्जनीच्या मानाने अनामिका जास्त लांब. पुढे लांब पल्ल्याच्या धावण्याशीही असाच संबंध दिसला.

पण हा संबंध शेकडो हातांच्या सरासरीत दिसतो, तोही पुसटसा. एका मुलीच्या तळहातावर तो वाचता येत नाही.

सर पुन्हा मोजतात. या वेळी तर्जनी ६७ भरते. थंडीने बोट जरा आखडलं होतं, एवढंच. भागाकार आता ०.९७१. एका मिलिमीटरने आकडा जेवढा सरकला, साधारण तेवढाच फरक पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरीत असतो! झेरॉक्सवरून मोजलं तर आणखी वेगळा आकडा येतो.

आणि हे वय तरी कसं? सरांच्या याच गटात एकीची उंची वर्षभरात झपाट्याने वाढली, दुसरीची वाढ अजून सुरूच व्हायची आहे. आज मागे पडणारी दोन वर्षांनी कुठे असेल, हे कॅलिपरला कसं कळणार? बोटं पाहून कुणाला ट्रॅकवरून घरी पाठवणं हा त्या लेकराचा घात आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सर कॅलिपर पिशवीत टाकतात. शिट्टी वाजते. आठशे मीटर, म्हणजे दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत मुलीचे खांदे कानांकडे चढू लागतात, मुठी आवळल्या जातात.

"हात सैल सोड! मुठी नको आवळू!"

वळणावर ती बोटं उघडते.