तीन भाषांची पहिली

[दृश्य: शाळेची भिंत, दोन लिप्यांतली पाटी]

ही पाटी नीट बघा. वर मराठी, खाली कन्नड. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, तालुका जत, जिल्हा सांगली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण जतच्या पूर्व भागात, उमदी, संख, तिकोंडी या पट्ट्यात अशा शाळा बऱ्याच आहेत आणि एका गावाला पुढं करून उपयोग नाही. सांगली म्हटलं की लोकांना हळद आठवते, कृष्णेचा घाट आठवतो. इथं माळ आहे, बाभळी आहेत, माडग्याळी मेंढ्या आहेत, आणि पाणी पोचलं तिथं डाळिंब. विजापूर जवळ, सांगली लांब. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला लोक तिकडंच जातात. घरात कन्नड बोलतात, एसटीच्या कंडक्टरशी मराठी, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

[दृश्य: वर्ग, काड्यांचे गठ्ठे, मुलीचा हात]

याच आवारात दोन माध्यमं चालतात. हा वर्ग मराठी माध्यमाचा, पहिली-दुसरी एकत्र बसते. यातल्या बऱ्याच पोरांच्या घरी कन्नडच आहे, पण पुढं पोलीस भरती, तलाठी भरती मराठीतनं असते म्हणून आईवडलांनी इकडं घातलंय. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल?

आता या मुलीकडं बघा. बाईंनी दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे ठेवले, शेजारी पाच सुट्ट्या. मुलगी हळूच स्वतःशी मोजती, कन्नडमधे. इप्पत्तैदु. म्हणजे आधी वीस, मग पाच. पाटीवर लिहिलं २५, बरोबर. मग बाई मराठीत विचारतात, पंचवीस लिही बघू. पंचवीस म्हणताना कानावर आधी पाच पडतो आणि वीस नंतर येतो. तिनं लिहिलं ५२.

बाई रागावल्या नाहीत. या बाईंना कन्नड येतं, म्हणून त्यांना कळलं की पोरीला गणित येतंय, अडलंय ते नुसतं नावापाशी. त्यांनी परत गठ्ठे पुढं केले, कन्नडमधे विचारलं, मग मराठीत सांगितलं, आणि तिसऱ्यांदा पोरीनं बरोबर लिहिलं. हे सगळं आम्ही न कापता ठेवलंय, कारण या फिल्ममधे आम्हाला जे म्हणायचंय ते एवढ्यात येतं. समोर कन्नड न येणारा शिक्षक असता तर वहीवर लाल फुली पडली असती, आणि त्यात त्या शिक्षकाचाही दोष नसता.

आता आठवा, २०१९ चा जून. बालभारतीचं दुसरीचं नवीन गणिताचं पुस्तक आलं आणि त्यात संख्यांची नावं पंचवीसच्या जोडीला वीस पाच अशी पण दिली होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यानं लहान पोरं गोंधळतात, दक्षिणेच्या भाषांत दशक आधी येतो, इंग्रजीत पण वीसच्या पुढं तसंच, तर दोन्ही पद्धती पुस्तकात ठेवू, शिक्षकाला जी सोयीची वाटेल ती वापरू दे. मग काय झालं? टीव्हीवर मराठी बुडाली म्हणून चर्चा, विधानसभेत नेत्यांच्या आडनावांची फोड करून विनोद, फोनवर मेसेज. ज्या पोरांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होता त्या जतच्या पोरांचं नाव त्या गदारोळात निघालंच नाही. एका गणितज्ञ बाईनं पोरांकडं बघून केलेली गोष्ट, आणि राज्यानं तिची चेष्टा केली. आम्हाला त्याचं आजही वाईट वाटतं.

[दृश्य: सीमेवरचा रस्ता, दोन राज्यांच्या बसेस]

हा रस्ता पुढं कर्नाटकात जातो. खड्डे कुठल्या राज्याचे हे सांगता येत नाही, पाटी आली की कळतं. ही पाटी इथं कशी आली ते जरा सविस्तर सांगावं लागेल, त्याशिवाय शाळेचं कळणार नाही.

जत हे डफळ्यांचं संस्थान. स्वातंत्र्यानंतर १९४८ ला विलीन झालं. १९४९ ला सातारा जिल्हा तुटून दक्षिण सातारा झाला, आणि १९६० ला त्याचंच नाव सांगली ठेवलं. मधे १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली, विजापूर, धारवाड, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, जत इकडं राहिलं. लोक जिथं होते तिथंच होते, रेघ मधनं गेली. मग १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, त्यात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि जत तालुक्यातली ४४ गावं, शिवाय अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरची गावं कर्नाटकाला द्या असं होतं. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, दावा तिथं आहे.

एक गोष्ट मात्र त्याच १९५६ साली चांगली झाली. सातवी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत कलम ३५० क आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करायची. जतच्या कन्नड शाळेमागं हे कलम आहे, आणि पलीकडं निपाणीच्या, बेळगावच्या मराठी शाळेमागं पण तेच आहे. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हे कलम एकदा शेजारी बसून वाचावं असं आम्हाला फार वाटतं.

कारण कायदे दोन्हीकडं झालेत. कर्नाटकानं २०१५ ला कायदा करून सगळ्या शाळांत कन्नड सक्तीचं केलं, आपण तिकडच्या मराठी पोरांसाठी ओरडलो, बरोबरच होतं. २०२० ला महाराष्ट्रानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं केलं, विधिमंडळात एकमतानं. राज्याची भाषा पोराला आलीच पाहिजे, त्याबद्दल आमचा वाद नाही, इथल्या पालकांचा तर अजिबात नाही, त्यांना मराठी हवीच आहे. वाद आहे तो शिकवणार कोण याचा. कायदा विधिमंडळात पास होतो. पहिलीच्या पोराला त्याच्या भाषेतनं मराठीकडं आणणारा माणूस कुठंतरी तयार करावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, आणि त्याला त्याच शाळेत ठेवावं लागतं.

[दृश्य: तिकोंडीचा तलाव]

हा तिकोंडीचा तलाव. शाळेच्या फिल्ममधे तलाव कशाला, तर २०२२ च्या नोव्हेंबरमधे कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले की जतच्या ४० गावांनी कर्नाटकात यायचा ठराव केलाय, आम्ही विचार करतोय. त्याच दमात महाराष्ट्रातल्या कन्नड शाळांना अनुदान देऊ असं पण म्हणाले. फडणवीस म्हणाले ठराव २०१२ चा जुना आहे, एकही गाव जाणार नाही. ठराव कशासाठी होता? पाण्यासाठी. मग काही दिवसांत कर्नाटकानं त्यांच्या योजनेचं पाणी सोडलं, ते या तलावात आलं, लोक बघायला आले, आणि महाराष्ट्रानं विस्तारित म्हैसाळ योजनेची फाइल झरझर हलवली. पाण्याचं भांडण पाण्याच्या नावानं झालं असतं तर बरं होतं. शाळा त्यात ओढली गेली. तेव्हापासनं कन्नड शाळेच्या मास्तरानं एक जादा शिक्षक मागितला तरी तो सीमाप्रश्न होतो.

२०२४ च्या भरतीनंतर तेच झालं. जतच्या कन्नड शाळांत कन्नड न येणारे मराठी माध्यमाचे शिक्षक नेमले अशी तक्रार झाली, कर्नाटकातनं निषेध आला, इकडनं उत्तर गेलं. पोर्टलवर पसंतीक्रम भरून, मेरिटनं लागलेला एखादा तरुण, सहा वर्षांच्या पोरांसमोर उभा, त्याला ती कळत नाहीत आणि पोरांना तो कळत नाही. या दोघांत भांडण लावायचं काम आम्ही करणार नाही.

[दृश्य: टेबलावर पुस्तकं]

ही पुस्तकं. बालभारती, पुणे. १९६७ ला स्थापन झालेली ही संस्था मराठीबरोबर उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा भाषांत पुस्तकं छापते आणि हे महाराष्ट्राचं खरं मोठेपण आहे, ते कमी लोकांना माहिती असतं. हे कन्नडमधलं चौथीचं पुस्तक, यात शिवाजी महाराज आहेत. इथली पोरं अफझलखानाची गोष्ट कन्नडमधे वाचतात आणि सहलीला विजापूरला जाऊन गोल घुमटात टाळी वाजवून येतात. शिक्षकांना विचारलं, पोरं काय विचारतात? तर म्हणाले, पोरं विचारतात की आदिलशाही म्हणजे आपलं विजापूरच का? किती छान प्रश्न आहे! इतिहास पुस्तकातनं उठून एसटीनं जाण्याएवढा जवळ आला.

पलीकडच्या राज्यात २०२२ ला पुस्तकं बदलली, २०२३ ला सरकार बदललं तसे हेडगेवार आणि सावरकरांवरचे धडे काढले. आपल्याकडं पण प्रत्येक सरकारला इतिहासाच्या पुस्तकावर आपला हात फिरवायचा असतो. पुस्तक बदलतं तेव्हा मराठी माध्यमाची आवृत्ती आधी येणार, कन्नड नंतर, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण मराठीत. इथल्या शिक्षकांनी स्वतःच्या वहीत शब्दांचे तक्ते करून ठेवलेत, ही बघा वही, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, अपूर्णांक, क्षेत्रफळ, ग्रामसभा, बाष्पीभवन. कडेला पेन्सिलीनं गावातला बोलीतला शब्द. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नाहीत.

[दृश्य: परिपाठ, तीन भाषांतली प्रतिज्ञा]

आता २०२५. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, मराठी आणि इंग्रजी माध्यमात पहिलीपासनं हिंदी तिसरी भाषा. महाराष्ट्र पेटला. १७ जूनला सुधारित निर्णय, सक्ती शब्द गेला पण हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी तर वर्गात किमान २० पोरं पाहिजेत. २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेतले आणि नरेंद्र जाधव समिती नेमली. ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा मेळावा झाला. लहान पोरांवर तीन भाषा लादू नका हे सगळ्या राज्यानं एका आवाजात सांगितलं, आम्हीही त्यात होतो, ते बरोबरच होतं.

पण त्या सगळ्या वादात एक साधी गोष्ट शासनाच्या कागदातच होती. इतर माध्यमांच्या शाळांत पहिलीपासनं तीन भाषा आधीपासनंच आहेत. माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी. इंग्रजी पहिलीपासनं २००० साली आली, मराठी त्यांना लागतेच. म्हणजे समोर प्रतिज्ञा म्हणणारी ही पोरं, जी सोमवारी कन्नड, मंगळवारी मराठी, बुधवारी इंग्रजी असं म्हणतात, ती कित्येक वर्षं तेच करताहेत जे पुण्यामुंबईच्या पोराला झेपणार नाही असं आपण ठरवलं. भाषातज्ज्ञ, संपादक, पुढारी, कुणीतरी इथं येऊन विचारायला पाहिजे होतं की बाबांनो कसं जमतं, कुठं अडतं. कुणी आलं नाही. जतमधे उत्तर तयार होतं.

ते उत्तर बाईंनी दिलं, तसंच्या तसं सांगतो. पहिलं वर्षभर घरच्या भाषेत भरपूर बोलू द्या, ऐकू द्या, वाचायला-लिहायला तिच्यातच शिकवा. मराठी तोंडी, गाण्यातनं, खेळातनं. अक्षर एकदा एका लिपीत पक्कं बसलं की दुसरी लिपी लवकर येते. उलट दोन लिप्या एकदम अंगावर घातल्या की दोन्ही कच्च्या. आणि शिक्षक बदलायचा नाही निदान दुसरी संपेपर्यंत.

बदल्या मात्र होतातच. सातवीनंतर मुली गळतात, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या घरांची पोरं दिसेनाशी होतात, कन्नड माध्यमातनं पुढं गेलेल्यांना कॉलेजला परत भाषा बदलावी लागते.

[दृश्य: शाळा व्यवस्थापन समितीची बैठक]

ही शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे यात पाऊण पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार त्याच कायद्यानं यांना दिलाय. बऱ्याच गावांत तो आराखडा एकजण भरतो आणि बाकीचे सह्या करतात. इथं बायकांनी तो मोठ्यानं वाचायला लावला, आधी मराठीत, मग कन्नडमधे, आणि तीन गोष्टी त्यात घातल्या. पहिली-दुसरीला कन्नड येणारा शिक्षक, मग माध्यम कुठलंही असो. बदली झाली तर जागेवर दोन्ही भाषा येणारा माणूस हजर झाल्याशिवाय आधीच्याला सोडायचं नाही. आणि वहीतले ते शब्दांचे तक्ते तालुक्यातल्या सगळ्या शाळांना छापून द्यायचे, खर्च फार नाही.

आराखडा पंचायत समितीत दिलाय, पोच घेतलीय. पुढच्या महिन्यात याच बायका त्याची एक प्रत घेऊन सांगलीला जिल्हा परिषदेत जाणार आहेत, आणि शेजारच्या गावांच्या समित्यांनी पण असेच ठराव करावेत म्हणून नमुना दोन्ही भाषांत टाइप करून ठेवलाय. कुणाला पाहिजे असेल तर शाळेत मागा, मिळेल.