न पोहोचलेल्या चेंडूचा हिशेब

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाचा सर्वांत मानाचा पुरस्कार म्हणजे गोल्ड ग्लोव्ह. बेसबॉलचे हातमोजे बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीने तो 1957 मध्ये सुरू केला. 1965 पासून मतं देतात मॅनेजर आणि कोच, आणि आपल्याच संघातल्या खेळाडूला मत देता येत नाही. नियम चोख आहे. तरीही 1999 मध्ये टेक्सास रेंजर्सचा राफाएल पाल्मेरो फर्स्ट बेसचा, म्हणजे पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाचा, गोल्ड ग्लोव्ह घेऊन गेला. त्या मोसमात तो फर्स्ट बेसवर उभा राहिला जेमतेम 28 सामने! बाकी बहुतेक वेळ फक्त बॅटिंग. आधीची दोन वर्षं पुरस्कार त्याचाच होता, बॅटही तळपत होती. मतपत्रिकेवर हात सवयीने गेला.

हा झाला ढळढळीत प्रकार. त्याहून अवघड दुखणं एररच्या हिशेबात आहे. साधारण प्रयत्नाने बाद करता आलं असतं आणि केलं नाही, तर स्कोअरर एरर लिहितो. चेंडूपर्यंत खेळाडू पोहोचलाच नाही, तर ती फलंदाजाची हिट. म्हणजे जो कमी धावतो, त्याची पाटी कोरी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने, 700 चेंडू हाताळले, 14 एरर केले. टक्केवारी 98. दुसरा चपळ, तो 760 चेंडूंपर्यंत पोहोचला आणि 22 एरर केले. टक्केवारी 97.1. कागदावर पहिला सरस. पण दुसऱ्याने 738 वेळा काम फत्ते केलं, पहिल्याने 686 वेळा. बावन्न बाद जास्त, आणि तरी बदनामी त्याचीच.

न्यूयॉर्क यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर याच्यावरचा वाद नेमका हाच. 2010 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने फक्त 6 एरर केले आणि पाचवा गोल्ड ग्लोव्ह मिळवला. मैदान किती व्यापतो हे मोजणाऱ्या आकडेवारीत मात्र तो सरासरीच्या खाली होता. हातात आलेला चेंडू तो सोडत नसे, हे खरंच. पण बाजूने निघून गेलेले कोण मोजणार?

आता ते मोजलं जातं. चेंडू हवेत किती वेळ होता, खेळाडूला किती अंतर कापायचं होतं, कोणत्या दिशेने, यावरून झेलाची शक्यता काढतात. शक्यता 40 टक्के असताना झेल घेतला तर खात्यात 0.6 जमा, सुटला तर 0.4 वजा. सोपा झेल घेऊन फारसं काही मिळत नाही, सोडला तर मात्र चांगलाच फटका बसतो.

पुरस्काराचे नियमही सुधारले. 1961 पासून आऊटफिल्डचे, म्हणजे बेसच्या मागच्या मोकळ्या मैदानातले, कोणतेही तिघे निवडले जात, त्यामुळे तिन्ही सेंटर फिल्डर असले तरी चाले. 2011 पासून लेफ्ट, सेंटर, राइट वेगळे झाले. 2013 पासून सुमारे 25 टक्के वजन आकडेवारीच्या निर्देशांकाला आहे, आणि आपल्या जागेवर किमान ठरावीक इनिंग्ज खेळल्याशिवाय नाव विचारात घेतलं जात नाही. पाल्मेरोचे 28 सामने आता चालले नसते.

2020 मध्ये तर मतदानच झालं नाही. साथीमुळे मोसम 60 सामन्यांचा, आणि संघ फक्त आपापल्या भौगोलिक विभागात खेळले. पूर्वेकडच्या कोचने पश्चिमेकडचा खेळाडू प्रत्यक्ष पाहिलाच नव्हता. त्या वर्षीचे मानकरी निव्वळ आकड्यांवर ठरले.