सिन्नरच्या वाटेवरची जुनी सेडान

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी साडेसहाच्या सुमारास नाशिकच्या कोणत्याही मोठ्या चौकात उभे राहिले, की सातपूर, अंबड, ओझर आणि सिन्नरकडे पहिल्या पाळीला निघालेली माणसे दिसतात. कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाकींच्या गर्दीत आठ-दहा वर्षे वयाच्या सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बुटक्या, लांब गाड्याही बऱ्याच असतात. मी स्वतः इंदिरानगरहून सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत अशाच एका गाडीने जातो. २०२१ साली मी ती घेतली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि मीटरवर ६२,००० किलोमीटर दिसत होते. रोजच्या कामासाठी जुनी सेडान घेऊ पाहणाऱ्यांना त्या अनुभवातून काही सांगावे, एवढ्यासाठी आजचे हे भाषण आहे.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी आपली वाट मोजावी, असे मला वाटते. माझे जाणे-येणे सुमारे सत्तर किलोमीटरचे आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसतराशे किलोमीटर होतात, आणि लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज धरला तर ११७ लिटर पेट्रोल लागते. हीच गाडी अठराचा अ‍ॅव्हरेज देत असती, तर महिन्याला वीस लिटर वाचले असते. हा हिशेब कागदावर मांडला, की कोणत्या गाडीसाठी किती रक्कम जास्त मोजणे परवडेल, हे आपोआप स्पष्ट होते. ज्यांचे घर पाथर्डी फाट्याला आणि काम अंबडला आहे, त्यांनी मात्र डिझेलच्या मोहात पडू नये. बीएस-सहा या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाडीतील काजळी अडवणारा फिल्टर लांब पल्ल्यावर, सायलेन्सर चांगला तापल्यावरच स्वच्छ होतो. रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. सीएनजीची गाडी असेल, तर किटची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, आहे का आणि दर तीन वर्षांनी करावयाच्या सिलिंडरच्या चाचणीचा दाखला आहे का, हे दोन्ही पाहावे.

सेडानच का, असे मला अनेकांनी विचारले आहे. लोकांचा ओढा उंच गाड्यांकडे वळल्यामुळे जुन्या सेडानचे भाव तुलनेने उतरलेले आहेत, आणि पुणे महामार्गावर नव्वदच्या वेगाला बुटकी, लांब गाडी जशी स्थिर चालते, तशी उंच गाडी चालत नाही, हा माझा अनुभव आहे. मात्र सगळ्या सेडान सारख्या नसतात. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा लहान गाड्यांना अबकारी करात सवलत दिली आणि पुढे २०१२ मध्ये डिझायरची लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणली गेली. त्यात कात्री लागली ती डिकीला. त्या डिझायरची डिकी ३१६ लिटरची आहे, तर सियाझची ५१० आणि इटिऑसची ५९५ लिटरची. इंजिनाच्या आकाराचा विम्याशीही संबंध असतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार एक हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा, हप्ता ३,४१६ रुपये होता आणि त्यावरच्या गाडीचा ७,८९७ रुपये. म्हणजे १,४९७ सीसी आणि १,५९१ सीसी या दोन गाड्या रस्त्यावर जवळपास सारख्याच भासल्या, तरी विम्याच्या लेखी त्यांच्यात दुपटीहून अधिक अंतर होते.

आता प्रत्यक्ष पाहणीविषयी थोडे सविस्तर बोलतो. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी, आणि आल्याबरोबर बोनेटवर हात ठेवावा. तो कोमट लागला तर विकणाऱ्याने गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे, असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. कारण इंजिनाचे खरे दुखणे पहिल्या सेल्फला कळते. सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळत आहे. पांढरा दाट धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर इंजिन थंड ठेवणारे कूलंट आत जात असण्याची शक्यता असते, आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला तर ती शक्यता आणखी बळावते. बोनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग पाना लागून खरवडलेला दिसला, तर बोनेट कधीतरी काढले गेले आहे आणि त्याचे कारण विचारले पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणून दाखवलेल्या गाडीला दुसऱ्या खेपेचे टायर असतील, तर मीटरबद्दल शंका घेण्यास जागा आहे. मीटर मागे फिरवणे अवघड राहिलेले नाही. पण ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर, चालकाच्या सीटची दबलेली कड आणि सर्व्हिसच्या पावत्यांवरील किलोमीटरचे आकडे यांना मागे फिरवता येत नाही.

नाशिककरांनी आणखी एका गोष्टीकडे डोळसपणे पाहावे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेले पूर आपण पाहिले आहेत, आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावरून पुराची पातळी सांगण्याची आपली पद्धत आहे. परंतु त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी पुढे धुऊन-पुसून कोणाच्या दारात गेली, याची खूण गावात कोठे राहत नाही. ती खूण गाडीतच शोधावी लागते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का ते पाहावे, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज पाहावा, आणि डिकीतील स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात माती साचली आहे का ते बोटाने चाचपावे. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाढलेली गाडी असेल तर ती रॅम्पवर चढवून पोटाखालचा पत्रा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माझी स्वतःची चूक येथे सांगितली पाहिजे. मी गाडी डिसेंबरात घेतली, आणि थंडीत एसी दोन मिनिटे लावून समाधान मानले. एप्रिलमध्ये, मोहदरी घाटात, दुपारच्या उन्हात एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला. माझ्या शेजारी वडील बसले होते आणि त्यांची कासाविशी पाहताना माझ्या जिवाला जे वाटले, ते मी विसरलेलो नाही. एसी किमान अर्धा तास, तोही गाडी उभी ठेवून, चालवून पाहायला हवा होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की गाडीसाठी जी रक्कम ठरवली असेल, तिचा पाचवा भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावा आणि उरलेल्या रकमेत गाडी बसवावी. ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरी यांवर पहिल्याच महिन्यात खर्च होतो. इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल, तर आधीच्या मालकाने तो बदलल्याची पावती दाखवेपर्यंत बदललेला नाही असेच धरावे. बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

कागदपत्रांच्या बाबतीत मी हट्टी आहे. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घालून बँकेचा बोजा, विम्याची मुदत आणि थकलेले चलन आधी पाहून घ्यावे. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयापर्यंत विकणाऱ्यानेही आपल्याबरोबर यावे असा आग्रह धरावा. ज्याचे नाव आरसीवर आहे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून गाडी विकून कोऱ्या फॉर्मवर सही देणारा मनुष्य पुढच्या अपघाताची भरपाई स्वतःच्या डोक्यावर घेत असतो. विम्यातील नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांची मुदत असते. गुजरात किंवा दमणची नोंदणी असलेली गाडी स्वस्त वाटते, पण बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवायची तर महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो, आणि तो धरला की स्वस्ताई बरीचशी संपते. पंधरा वर्षांची मुदत जवळ आलेली गाडी घेणाऱ्याने नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर भावातून वजा करून घ्यावा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही तेव्हाच विचारावे.

गाडी घरी आल्यावर तिचे ऐकण्याची सवय लावून घ्यावी लागते. पाच माणसे बसली की औद्योगिक वसाहतीतल्या गतिरोधकांवर सेडानचे पोट घासते. तेथे गाडी किंचित तिरकी घेऊन एकेक चाक वर चढवावे. खड्ड्यांनी चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश सैल झाले, की डावीकडून कटकट ऐकू येते आणि आठवड्याभरात स्टिअरिंग ओढू लागते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्यापासून माझा अ‍ॅव्हरेजही थोडा घटला आहे, आणि २०२३ पूर्वीच्या गाडीची इंधनाची रबरी नळी सर्व्हिसच्या वेळी तपासून घ्यावी असे माझ्या मेकॅनिकने मला सुचवले आहे. माझ्या गाडीने नुकतेच एक लाख चाळीस हजार पूर्ण केले. पाऊस तोंडावर आहे, मोहदरीच्या वळणांवर पहिल्या सरीत रस्ता निसरडा होतो, आणि माझ्या मागच्या दोन्ही टायरांवर १४१९ हा आकडा आहे. ते या रविवारी बदलायचे ठरवले आहे.