पाळणा, पांगुळगाडा आणि माग

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. अरुंद गल्ली, उघड्या दारांतून यंत्रमागांचा खडखडाट. एका घरात आढ्याला बांधलेली साडीची झोळी.)

या गल्लीत शिरलं की आधी माग ऐकू येतात, माणसं नंतर. झोळीतल्या बाळाशी त्याची आई तेलुगूत बोलते. शेजारीण मराठीत हाक मारते. दारावरच्या भाजीवालीच्या मराठीला कानडी हेल आहे, समोरच्या घरात दखनी चालू आहे. बाळ सहा महिन्यांचं आहे. या गलबल्यातून ते काय उचलत असेल?

मोठ्या माणसाला उचलता येणार नाही इतकं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातले दोन आवाज हिंदीतून घेतलेले, आपल्याही जिभेवर रोज असणारे: जीभ दाताला टेकवून म्हटलेला ‘त’ आणि जीभ वर वळवून म्हटलेला ‘ट’. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हे दोन्ही बहुधा एकच वाटतात. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं. स्पीकरमधून ‘त, त, त’ चालू असतं. मधेच ‘ट’ येतो. त्या क्षणी बाळानं मान वळवली, तर बाजूच्या खोक्यात दिवा लागून खेळणं हलायला लागतं. आईच्या कानांवर हेडफोन असतात, म्हणजे आवाज बदलल्यावर ती नकळत हलली आणि बाळाला सुगावा लागला, असं होत नाही. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी हा फरक पकडला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो पकडणारी फारच थोडी निघाली.

त्या बाळांचे कान अधू झाले नव्हते. घरात ज्या फरकाला अर्थ नाही तो मेंदूनं सोडला होता, आणि त्याच काळात घरच्या भाषेचे आवाज पक्के केले होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी आयुष्यभराच्या विकासाची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. कमावणं आणि गमावणं प्रत्येक वयात बरोबरच चालतं, प्रमाण तेवढं बदलत जातं. लहानपणी नुसती चढण, म्हातारपणी नुसती उतरण, हे चित्र पहिल्या वाढदिवसाच्या आतच मोडतं.

घरात दोन भाषा असल्या की मूल उशिरा बोलतं, असं सर्रास म्हटलं जातं. बरेचदा चूक मोजण्यात असते. ‘पाणी’ आणि तेलुगूतलं ‘नीळ्ळु’ हे दोन शब्द धरायचे, आणि दोन्ही भाषांची बेरीज करायची. तशी बेरीज केली की दोन भाषांतलं मूल मागे दिसत नाही. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडणी, हा ढोबळ अंदाज. थांबू नये अशा खुणा वेगळ्या आहेत: वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा’, ‘दादादा’ असं बडबडणं नाही; सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येत नाहीत; किंवा येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात बंद पडलं. यांतलं काहीही दिसलं तर पहिली तपासणी कानांची. बाळ टाळीला दचकतं म्हणजे त्याला ऐकू येतं, ही खात्री पुरेशी नाही. मोठा आवाज पोहोचूनही ‘स’ आणि ‘त’ पोहोचत नसतील.

आणि मोबाईल? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेची बारा सत्रं दिली, प्रत्येक पंचवीस मिनिटांचं. समोर बसून खेळणाऱ्या, गोष्ट वाचणाऱ्या माणसाकडून बाळं चिनी आवाजातले फरक शिकली. त्याच माणसांचं तसंच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा काहीच शिकली नाहीत. झोळीजवळ ठेवलेला, गाणी वाजवणारा फोन बाळाला गप्प करतो. बोलायला शिकवतं ते त्याच्या ‘ऊं’ला कुणीतरी दिलेलं उत्तर.

(दृश्य: घराची ओसरी. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं. विड्या वळणारे हात. पलीकडे आजीच्या मांडीवर वर्षाचं मूल.)

विडीची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. दिवस त्यात जातो, आणि मूल आजीकडे असतं. मुलाला आईचा लळा कमी लागेल का, ही भीती अनेक आयांच्या मनात असते.

जॉन बोल्बी यांनी लळ्याचा सिद्धांत मांडला आणि मेरी एन्सवर्थ यांनी तो तपासायची पद्धत बसवली. साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या मुलासाठी अनोळखी खोलीत आठ छोटे प्रसंग, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. आई जाते, अनोळखी बाई येते, आई परत येते. आई गेल्यावर मूल किती रडलं, हे इथे महत्त्वाचं नाही. ती परत आल्यावर काय करतं, ते बघायचं. जवळ घेतल्यावर शांत होऊन पुन्हा खेळायला लागलं, तर लळा भक्कम आहे. बिलगतं पण चिडलेलंच राहतं, किंवा आई आलीच नाही असं वागतं, तेव्हा निरीक्षक पुढचे प्रश्न विचारतात. मात्र जे मूल घरात कधी एकटं राहिलेलंच नाही, त्याला हा प्रयोग फार जड जातो. जपानमधल्या मुलांच्या बाबतीत हे दिसून आलं. वाड्यात पाच जणांच्या कडेवर वाढणाऱ्या आपल्या मुलालाही हा निकष जसाच्या तसा लावू नये. एकाच वेळी आईचा, आजीचा, मावशीचा लळा लागू शकतो. आई बारा तास समोर आहे का, याहून मूल रडलं की ओळखीचं कुणीतरी दर वेळी येतं का, हे मोलाचं.

(दृश्य: अंगण. लाकडी पांगुळगाडा ढकलत जाणारं मूल.)

चालण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात भारतातलीही मुलं होती, निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागली ती सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही. काही मुलं तर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. शेजारच्या घरातल्या मुलाशी तुलना करून काळजी करणाऱ्यांनी ही रुंदी लक्षात ठेवावी. कॅरन अडॉल्फ यांनी न्यूयॉर्कमध्ये मोजलं, तेव्हा बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. पडणं हाच सराव.

म्हणून पांगुळगाडा चांगला. मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, तोल स्वतः सांभाळतं. बाजारातला, मधे बसायचा चाकांचा वॉकर घेऊ नये. त्यात मूल चवड्यांनी ढकलत पळतं, त्याला स्वतःची पावलं दिसत नाहीत, तोल शिकता येत नाही, आणि जिन्याकडे किंवा चुलीकडे ते आपल्या हातापेक्षा आधी पोहोचतं. कॅनडानं २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

(दृश्य: स्वयंपाकघर. परातीत मळलेलं ज्वारीचं पीठ. पाच वर्षांची मुलगी ओट्याजवळ.)

आता एक प्रयोग, जो सोलापुरातल्या कुठल्याही घरात दुपारच्या भाकरीआधी होऊ शकतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी तो चिकणमातीनं केला. आपण ज्वारीच्या पिठानं करू.

दोन गोळे करा. मुलीला विचारा, दोन्हीत पीठ सारखं आहे का? ती नाही म्हणाली तर तिलाच चिमूट इकडची तिकडे करू द्या, ती ‘सारखं’ म्हणेपर्यंत. दोन्ही सारखे आहेत हे तिला आधी पटलं नाही, तर पुढचं सगळं फुकट. मग तिच्या डोळ्यांसमोर एक गोळा थापून भाकरी करा. आता विचारा, कशात पीठ जास्त? पाच वर्षांची बहुतेक मुलं भाकरीकडे बोट दाखवतात: ती मोठी आहे. सातच्या आसपास तेच मूल सांगतं, ‘सारखंच आहे, नुसतं थापलंय.’ गंमत म्हणजे वजन सारखं राहतं हे कळायला साधारण नववं वर्ष उजाडतं, आणि पाण्यात बुडवल्यावर दोन्ही सारखीच जागा घेतील हे कळायला आणखी दोन-तीन वर्षं. एकच गोष्ट मूल तीनदा शिकतं.

काही मुलांची चूक मात्र वेगळ्याच कारणानं होते: प्रश्न दोनदा विचारल्यामुळे. मोठ्या माणसानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं, असं मुलाला वाटतं. सॅम्युएल आणि ब्रायंट यांनी १९८४ मध्ये फक्त शेवटचा प्रश्न ठेवून बघितलं, तर जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. पियाजे मुलांच्या विचारांचं वळण अचूक टिपतात, पण त्यांनी दिलेली वयं दगडावरची रेघ धरू नयेत. पाढे म्हणताना अडखळणाऱ्या पहिलीतल्या मुलाला तोच प्रश्न चढत्या आवाजात तिसऱ्यांदा विचारला, की तो येत असलेलं उत्तरही बदलतो. कारण हेच.

दुसरा प्रयोग बिस्किटांच्या डब्याचा. डब्यात सुई-दोरा भरून ठेवा. ‘यात काय?’ ‘बिस्किटं.’ उघडून दाखवा, पुन्हा बंद करा. बाहेर बसलेल्या ताईनं डबा उघडलेला नाही, ती काय म्हणेल? तीन वर्षांचं मूल छातीठोकपणे सांगतं, ‘सुई-दोरा.’ ‘आणि तुला आधी काय वाटलं होतं?’ ‘सुई-दोरा.’ ते खोटं बोलत नाही. आपल्या मनात एक आणि दुसऱ्याच्या मनात वेगळंच असू शकतं, हे त्याला अजून गवसलेलं नाही. चार ते पाचच्या दरम्यान ते गवसतं. एक खबरदारी: घरातला नेहमीचा डबा घेऊ नका. त्यात सुई-दोराच असतो, हे आपल्याकडच्या बहुतेक मुलांना पाठ असतं. नवा, चित्राचा पुडा घ्या.

(दृश्य: सात रस्ता, संध्याकाळ. क्लास सुटलेला, एका मोटारसायकलवर तिघं.)

पंधरा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही, असं नाही. एकट्याला विचारा, तो नीट सांगेल. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात हे तपासलं. मित्र बघत असताना तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी घेतलेला धोका दुपटीवर गेला. कॉलेजातल्या तरुणांचा दीडपट झाला. चोविशीपुढच्यांना मित्रांमुळे फरक पडला नाही. तेव्हा हेल्मेटवरच्या भाषणाइतकाच उपयोगी नियम साधा आहे: गाडी दिली तर मागे कुणी बसणार नाही.

त्याच वयातला दुसरा प्रश्न ‘मी कोण’ हा. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये एरिक एरिक्सन यांच्या विचारावर काम करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या: मुलानं पर्याय धुंडाळले का, आणि त्यानं काही ठरवलं का. दहावीनंतर घरच्यांनी सांगितलं म्हणून सायन्स, मग इंजिनिअरिंग, मग पुण्याची गाडी. इथे ठरलेलं आहे, धुंडाळलेलं काही नाही. दिसायला हा मुलगा स्थिर असतो. एखादं वर्ष गोंधळात घालवणारा, माग चालवून बघणारा, दुकानात बसून बघणारा मुलगा वाया गेल्यासारखा दिसतो, पण काम तोच करत असतो. त्याला वर्ष द्यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: मागाची शेड. चादरीवर उमटत जाणारी नक्षी. साठीचे विणकर, कपाळावर चष्मा.)

या शेडमध्ये वयस्क विणकर दोन मागांमध्ये उभे आहेत. प्रतिक्रियेचा वेग विशीनंतर हळूहळू उतरतो, हे खरं. मग साठीतला कारागीर मागे का पडत नाही? टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये टायपिस्टवर काम केलं, एकोणीस ते बहात्तर वयाच्या. वयस्कांची बोटं सुटं बटण दाबायला सावकाश होती, पण मजकूर टाइप करण्याचा वेग तरुणांइतकाच होता. कारण ते मजकुरात अधिक पुढचं वाचत होते. पुढची अक्षरं झाकली, की त्यांचा वेग तरुणांपेक्षा जास्त कोसळला.

विणकराकडेही असं पुढचं वाचणं असतं. ताण्याचा धागा तुटायच्या आधी त्याचा ताण बदलतो, धोट्याचा ठोका बदलतो. नवा मुलगा तुटल्यावर धावतो. हे आधीच त्या बाजूला सरकलेले असतात. पण त्यांना अनोळखी यंत्रासमोर उभं केलं, तर पुढचं वाचण्याची सोय गेली, आणि उरलेला वेग उघडा पडतो. ‘म्हाताऱ्यांना नवीन जमत नाही’ हा निष्कर्ष बरेचदा पहिल्याच आठवड्यात काढला जातो. पहिले काही आठवडे सावकाश, एका वेळी एकच बदल, आणि शेजारी घाई करणारं कुणी नाही, एवढं दिलं तर चित्र पालटतं.

बाल्टेस यासाठी पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांचं उदाहरण देत. उतारवयात ते मोजकेच तुकडे वाजवत, त्यांचाच सराव जास्त करत, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम संथ होत, म्हणजे जलद भाग अधिक जलद वाटे. निवड, मशागत, भरपाई.

(दृश्य: तेच घर, रात्र. माग बंद. आजोबा खाटेवर, नात शेजारी.)

आजोबा हल्ली विसरतात, भलतंच उत्तर देतात, लग्नाकार्यात बोलायचं टाळतात. घरातल्यांच्या मनात स्मृतिभ्रंशाची शंका येते. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वयानुसार आहे. किल्लीचं काय करायचं हे न कळणं, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, हे डॉक्टरांकडे नेण्याचं कारण. पण त्याही आधी कान तपासायचे, कारण जे ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कसं? आणि न तपासलेलं बहिरेपण हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण हाताळता येणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

मागाच्या आवाजात चाळीस वर्षं उभं राहिलेल्या कानाला सगळंच कमी ऐकू येतं असं नाही. तीन ते सहा हजार हर्ट्‌झचे उंच पट्टीचे आवाज आधी जातात, चार हजारांच्या आसपास श्रवणालेखात, म्हणजे कानांच्या तपासणीच्या आलेखात, खाच पडते. स्वर शाबूत असतात, व्यंजनं निसटतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘आवाज येतो, बोलणं कळत नाही.’ ओरडल्यानं स्वरच मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात, आणि ओरडणारा चिडल्यासारखा वाटतो.

नातीला हे कुणीतरी दाखवलेलं असावं. ती टीव्ही बंद करते. खाटेला वळसा घालून त्यांच्या समोर येते, दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल अशी बसते. आजोबांची नजर तिच्या ओठांवर आहे. ती न ओरडता, शब्द सुटा करत विचारते, ‘आजोबा, ताट वाढू?’