नळी तिरपी होईपर्यंत

(दृश्य : लाकडी स्टँडमध्ये काचेची नळी. मागे भिंतीवरचं घड्याळ, ८ वाजून २१ मिनिटं.)

या नळीत दोन मिली रक्त आहे. सिस्टरांनी ते आत्ताच शिरेतून काढून नळीत सोडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि केसपेपरवर वेळ लिहिली. आता वीस मिनिटं या नळीला कुणी हात लावायचा नाही. उचलून बघायची नाही, टेबलाला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही. वीस मिनिटं भरली की ती एकदाच तिरपी करायची. रक्त गोठलं असेल तर ते जागचं हलणार नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर सापाचं विष अंगात भिनलंय.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. जुलै महिना, चार दिवस पावसाने उसंत दिलेली नाही. रात्रपाळीला एक सिस्टर, एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, आणि आवारातल्या क्वार्टरमध्ये डॉक्टर. आम्ही इथे सहा रात्री चित्रीकरण केलं. सिस्टरांची नोकरी बावीस वर्षांची. त्यांचं नाव इथे फारसं कुणी घेत नाही. म्हातारे, पोरं, रिक्षावाले, सगळे ‘सिस्टरानू’ अशीच हाक मारतात. आपणही त्यांना सिस्टरच म्हणू.

(दृश्य : उजवा हात, सुजलेला. निळ्या बॉलपेनच्या रेघा.)

तिशीतला हा माणूस गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, ढासळलेले चिरे उचलत होता. चिऱ्याखाली फुरसं होतं. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून त्याला आणलं, तेव्हा कोपराच्या वर नायलॉनची दोरी करकचून आवळलेली होती. सिस्टरांनी ती लगेच कापली नाही. आवळलेली दोरी एकदम सुटली, तर खाली साठलेलं विष झटक्यात अंगभर जाऊ शकतं. आधी सलाईन लागलं, डॉक्टर आले, आणि मग दोरी सैल झाली, तीही मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवून. बोटातली अंगठी मात्र आल्याआल्या साबण लावून काढली होती. सूज चढल्यावर ती निघत नाही, कापावी लागते.

आणि या रेघा. सूज जिथवर पोचली तिथे एक रेघ, शेजारी वेळ. ८.१४. पुढची रेघ दोन बोटं वर, ८.३५. सिस्टर म्हणतात, कागद हरवतो, भिजतो, नातेवाइकांच्या खिशात राहतो. हातावरची नोंद रुग्णाबरोबरच जाते. त्याला पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तर तिथल्या सिस्टरला एकाही शब्दाशिवाय कळतं की सूज किती वेळात किती चढली.

‘हिरडीतून रक्त येता काय? थूक बघूया,’ त्या त्याला सांगतात. तो कागदी कपात थुंकतो. सिस्टर कप बॅटरीच्या उजेडात धरतात. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं, आणि त्याची पहिली खूण बरेचदा हिरडीवर दिसते.

(दृश्य : पत्र्याचा बिस्किटांचा डबा उघडतो. आत कापसावर आडव्या ठेवलेल्या नळ्या.)

हा डबा औषधांच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असतो. त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय : ‘सापाच्या टेस्टसाठी. धुवू नये.’

या दोन शब्दांमागे सिस्टरांची एक चूक आहे, आणि ती त्यांनी आम्हाला न विचारता सांगितली. नोकरीची सुरुवात होती, रुग्णालय दुसरं होतं. तिथे नळ्या वापरून झाल्या की साबणाच्या पाण्यात धुवून, वाळवून पुन्हा ठेवायची रीत होती. स्वच्छता म्हणून त्यांनीही तेच केलं. एका मुलाचं रक्त वीस मिनिटांनी तसंच वाहिलं, त्याला प्रतिविष दिलं, अंगावर पित्त उठलं, रात्र धावपळीत गेली. पुढे नव्या नळीत तपासलं तर रक्त व्यवस्थित गोठत होतं. मूल घरी गेलं. सिस्टर मात्र त्या नळीचं कोडं सोडवत बसल्या.

कोड्याचं उत्तर काचेत होतं. रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेच्या कोऱ्या पृष्ठभागाला लागून. साबणाचा अंश राहिला, की काच तिचं काम करत नाही. प्लॅस्टिकच्या नळीचंही तसंच. म्हणजे नळी धुतलेली असेल किंवा प्लॅस्टिकची असेल, तर निरोगी माणसाचं रक्तसुद्धा ‘विषारी’ ठरू शकतं. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, लॅबचा माणूस लागत नाही. फक्त कोरी काच लागते, आणि वीस मिनिटं शेजारी बसणारं माणूस.

(दृश्य : घड्याळ, ८.४१. नळी हातात. आवाज नाही.)

(दहा सेकंद निवेदन नाही.)

वाहिलं.

(दृश्य : स्टीलचा ट्रे. दहा बाटल्या.)

ही सर्पविषावरची लस, म्हणजेच प्रतिविष, दवाखान्यातल्या भाषेत एएसव्ही. लेबल जवळून पाहा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारच नावं आहेत. भारतात बहुतेक मृत्यू या चौघांच्या दंशाने होतात, म्हणून औषध या चौघांपुरतं. घोड्याला या सापांचं विष थोडं थोडं टोचत नेतात, त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी द्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून अशी पूड करतात. त्यासाठी लागणारं विष वर्षानुवर्षं मुख्यतः एकाच ठिकाणाहून येत आलंय : तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सापपकड्यांची सहकारी संस्था, स्थापना १९७८. कोकणातल्या कातळावरच्या फुरशाचं विष आणि तिकडच्या फुरशाचं विष अगदी सारखं नसतं, आणि आपल्या भागातल्या सापांसाठी आपल्या भागातल्या विषापासून लस हवी, ही मागणी अभ्यासक करत आहेत. सिस्टरांपर्यंत ही चर्चा अशी पोचते, की कधी दहा बाटल्यांत भागतं, कधी वीस लागतात.

बाटलीत दहा मिली पाणी सोडायचं आणि ती तळहातांमध्ये हळूहळू फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध फेसात अडकतं. आमच्या कॅमेऱ्यात या हातांचं चौदा मिनिटांचं चित्रण आहे. आम्ही त्यातलं एक मिनिट ठेवलंय. दहा बाटल्या, एकामागून एक, आणि बाहेर ‘अजून सुरू कसा केल्यानी नाय?’ असं विचारणारे नातेवाईक.

सिस्टरांना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न लहान मुलांच्या आईबापांचा असतो. ‘एवढ्याशा पोराक धा बाटल्यो?’ प्रश्न रास्त आहे. तापाचं औषधसुद्धा आपण मुलाला वजनावर मोजून देतो. सिस्टरांचं उत्तर ठरलेलं : ‘किरडान काय वजन बघून चावल्यान?’ साप मुलाच्या अंगातही तेवढंच विष सोडतो. म्हणून लसही तेवढीच, मोठ्या माणसाइतकी.

सलाईनमधून लस सुरू झाली की सिस्टर खाटेपासून हलत नाहीत. औषध घोड्याच्या रक्तातून आलंय, अंगाला ते परकं वाटू शकतं. खाज, खोकला, अंगावर गांधी, ओकारी, बीपी उतरणं, यातलं काहीही पहिल्या काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. म्हणून त्यांच्या ट्रेमध्ये अॅड्रिनलिन अर्धा मिली आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं आहे. बघा, त्या रुग्णाशी लावणीबद्दल बोलतायत. कुठल्या कुणग्यात किती तरवा लागला, पॉवर टिलर कुणाचा आणला. तो बोलत असताना त्या त्याची मान आणि छाती न्याहाळतायत. बोलता बोलता आवाज बसला तर तो त्यांना नातेवाइकांच्या आधी कळेल.

(दृश्य : भिंतीला टांगलेली अँबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची.)

सगळ्या सापांचे दंश असे दिसत नाहीत. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला, आणि बहुतेक वेळा दुखतसुद्धा नाही. सूज नाही, रक्त नाही, दाताची खूणही सापडेलच असं नाही. सहा वर्षांपूर्वी पहाटे एक आजी चालत आल्या. तक्रार पोटदुखीची. आदल्या दिवशी घरात श्राद्ध होतं, सगळ्यांना वाटलं जेवण बाधलं. सिस्टर केसपेपर लिहीत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना आजींच्या पापण्या दिसल्या. अर्ध्यावर आलेल्या. ‘आजी, डोळे उघडा बघूया.’ ‘उघडेच आसत गो, झोप येता.’

पोटदुखी आणि जड पापण्या. सिस्टरांनी विचारलं, रात्री झोपलात कुठे? ओसरीवर, चटईवर.

मण्यारीच्या विषाने स्नायू हळूहळू लुळे पडतात. पापण्या, मग गिळणं, मग श्वास. श्वासाचा दम किती उरलाय, हे बघायची एक साधी पद्धत आहे : एका दमात आकडे मोजायला लावायचे. आजींना आकडे येत नव्हते. डॉक्टर लस लावत होते, तेवढ्यात सिस्टरांना सुचलं. ‘आजी, महिने सांगा. चैत्रापासून. एका दमात.’

चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ… आजींनी फाल्गुनापर्यंत सगळे म्हटले आणि पुन्हा चैत्राला लागल्या. सिस्टरांनी लिहिलं : १४. अर्ध्या तासाने दम मार्गशीर्षाला संपला. लिहिलं : ९. मग भाद्रपदाला. ६. आजी श्रावणाशी अडकल्या तेव्हा १०८ची रुग्णवाहिका आवारात उभी होती, कारण सिस्टरांनी ती भाद्रपदालाच बोलावली होती.

वाटेत श्वास थांबला. ही बॅग दाबत सिस्टर रुग्णवाहिकेतून गेल्या, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा, घाटातल्या वळणांवर सुद्धा. त्या प्रवासाचं चित्रण अर्थातच नाही. आजी बाराव्या दिवशी घरी आल्या.

तेव्हापासून या रुग्णालयात मण्यारीचा संशय आला की महिने म्हणायला लावतात. शाळेतल्या पोरांना जानेवारी-फेब्रुवारी, म्हाताऱ्यांना चैत्र-वैशाख.

(दृश्य : दोन सुरकुतलेले हात, काळा दोरा वळताना.)

या हातांचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, तशी अट आहे. हे काका पंचक्रोशीत विष उतरवतात. म्हणजे लोक तसं मानतात. सिस्टरांचा त्यांच्यावर पूर्वी राग होता, आणि त्याला कारणही होतं. पान लागलेलं, म्हणजे साप चावलेलं, माणूस आधी काकांकडे जायचं, दोन तास मंत्र व्हायचे, आणि इथे यायचं तेव्हा लघवीतून रक्त जात असायचं. मग एका ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, काकांना स्वतःलाच फुरसं चावलं. आणलं मुलाने. पायाला त्यांचाच मंतरलेला दोरा.

सिस्टर त्यांना काहीही बोलल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी पायावरचा दोरा सोडवला, आणि तो फेकून न देता काकांच्या मनगटावर सैल बांधला. ‘ह्यो असूंदे. आता माझा काम करूक द्या.’ नळी, वीस मिनिटं, दहा बाटल्या. काका तीन दिवस याच खाटेवर होते, खिडकीजवळच्या.

आता काकांच्या दारात कुणी आलं, की ते मनगटाला दोरा बांधतात आणि रिक्षा बोलावतात. आजच्या या माणसाच्या डाव्या मनगटावर पाहा. आम्हाला तो दोरा चित्रण तपासताना, तिसऱ्या वेळी दिसला.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वर्षांत सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४मध्ये जाहीर झाला. त्यातला बराच भार रात्री एकट्या असणाऱ्या सिस्टरवर आहे, आणि तिला नळीशेजारी वीस मिनिटं बसायचं असेल, तर उरलेल्या एकोणतीस खाटांजवळ आणखी कुणीतरी हवं. पदं भरा, एवढंच मागणं आहे.

(दृश्य : ३ वाजून ५ मिनिटं. पाऊस थांबलेला. पुन्हा तोच स्टँड, नवी नळी.)

लस दिल्यावर सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा. आज दोनदा मधे उठावं लागलं. एक बाळंतीण आली, एका म्हाताऱ्यांना ऑक्सिजन लावला. दोन्ही वेळा सिस्टरांनी मामांना नळीसमोर स्टुलावर बसवलं. मामांना काम एकच : कुणाला टेबलाजवळ येऊ द्यायचं नाही.

३.२५. रुग्ण झोपलाय, त्याची बायको जागी आहे. ती सिस्टरांच्या हाताकडे बघतेय.

(दृश्य : नळी तिरपी होते. बायकोचा चेहरा. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

गोठलंय.

सिस्टर केसपेपरवर वेळ लिहितात, हातावरची शेवटची रेघ तपासतात. सूज तिथेच थांबली आहे. पुढची नळी पुन्हा सहा तासांनी, ती सकाळपाळीच्या सिस्टर लावतील. मग त्या कपाटातून पत्र्याचा डबा काढतात, उरलेल्या नळ्या मोजतात. अकरा. पावसाळ्याचे अजून दोन महिने बाकी आहेत. मागणीच्या वहीत त्या लिहितात : ‘काचेच्या नळ्या, कोऱ्या, १००.’ आणि ‘काचेच्या’ या शब्दाखाली दोन रेघा ओढतात.